बायजाबाईच्या मशीनचा धागा

साधनाताईंनी विचारलेली गोष्ट तशी सोपी होती. त्यांचं नागपूरला साड्यांचं दुकान. त्यांना तेजरामकडून तीस कोसा रेशमाच्या साड्या हव्या होत्या, माघातल्या लग्नांच्या आधी. प्रत्येक साडीसोबत एक छोटं कार्ड जाणार होतं. त्यावर विणकराचं नाव, गाव आणि धागा कुठला ते. गिऱ्हाईक हल्ली विचारतं, असं त्यांचं म्हणणं. नाव तेजराम, गाव आंधळगाव, एवढं त्यांना ठाऊक होतं. धाग्याचं तेवढं सोमवारपर्यंत पक्कं सांगा, कार्डं छापायला टाकायची आहेत, असं त्या फोनवर म्हणाल्या.

तेजरामने सोमवारची वाट पाहिली नाही. फोनवरच सांगून टाकलं की धागा आमच्या बायजाबाईचा. उभा ताणा तिचा, आडवा बाणाही तिचा. जंगलाकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, आठ बाया कोशातून धागा काढतात, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा धागा आमच्या मागावर चढलाच नाही. साधनाताई खूश झाल्या. मागच्या वर्षी प्रदर्शनात त्यांनी तेजरामच्या बायकोकडून, चंद्रभागाबाईंकडून, एक साडी घेतली होती, ती अजून त्यांच्याजवळ होती. वजनाला भारी, अंगावर सरळ पडणारी. अगदी तशाच तीस हव्यात, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर तेजरामला बरं वाटलं. चंद्रभागा गेल्यापासून सात महिन्यांत त्याने एकट्याने पक्का केलेला हा पहिला व्यवहार. त्याच्या घरात रीत अशी होती की धागा बाईने आणायचा, पाहायचा, निवडायचा, त्याला खळ लावून पाजणी करायची. पुरुषाने मागावर बसायचं. तेजरामच्या आईनेही तसंच केलं होतं. एकेचाळीस वर्षं तेजराम विणत होता, पण धागा विकत घ्यायला कधी उंबरठ्याबाहेर गेला नव्हता. चंद्रभागाने भरून ठेवलेल्या लडी एवढे दिवस पुरल्या. आता पेटीत ताण्याची एकच लड उरली होती.

तेवढ्यात बुधवारी नागपूरचा एक धागेवाला आला. धाग्याच्या रिळांची पेटी घेऊन दारात उभा राहिला आणि आधी विचारलं, काकू कुठे आहेत. तेजरामने ती वारल्याचं सांगितलं. तो माणूस चप्पल न काढता तसाच ओट्यावर बसला. मग चहा प्यायला, आणि जाताना चीनहून येणाऱ्या धाग्याचं एक रीळ पुढे केलं. एकसारखा आहे, तुटत नाही, ताण्याला याच्यासारखा धागा नाही, वगैरे.

तेजरामने रिळाला हात लावला नाही. परदेशी धागा या मागावर चढला नाही आणि चढणार नाही, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या मागावर कैलाश बसला होता. कैलाश शेजारचा, पस्तिशीचा, दहा वर्षांपासून तेजरामकडेच विणायचा. तो एकदम खोकायला लागला. धागेवाल्याने कैलाशकडे पाहिलं, कैलाशने आपल्या मागाच्या फणीकडे पाहिलं. ते रीळ ओट्यावरच ठेवून धागेवाला निघून गेला.

शनिवारी तेजराम एसटीने टोल्यावर गेला. फाट्यावर उतरून दीड कोस चालावं लागलं. दोन्ही बाजूला धान पोटरीवर आलं होतं. मनात हिशोब एकच, तीस साड्यांना ताण्याचा धागा किती लागेल. तो हिशोब त्याला येत नव्हता. चंद्रभागा बोटांवर करायची. त्याने ठरवलं, बायजाबाईलाच विचारू.

बायजाबाई अंगणात कोसे निवडत बसली होती. साठीची बाई, दात पडलेले, आवाज खणखणीत. तिने त्याला पाणी दिलं, चंद्रभागाच्या नावाने थोडी रडली, मग डोळे पुसून कामाचं विचारलं. तेजरामने सांगितलं, ताण्याचा धागा पाहिजे, तुझ्या मशीनचा, दोन वर्षांपासून देतेस तसाच.

बायजाबाईने हातातला कोसा खाली ठेवला.

"भाऊ, ताण्याचा धागा तुमच्या बाईनं आमच्या इथून कधी नेला? दोन वर्षं झाले, एक लड नाही नेली."

तेजराम म्हणाला, असं कसं. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला योजनेतून धागा काढायची मशीन मिळाली. तेव्हापासून तुमचा धागा एकसारखा येऊ लागला. गाठी नाहीत, तुटणं नाही. त्याने स्वतः विणला आहे. चार लोकांत तो या मशीनचं कौतुक करत आला आहे. विणकर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून त्याने सांगितलं होतं की सगळ्या टोल्यांना अशी मशीन द्या.

"तुमीच होय का ते," बायजाबाई म्हणाली. "तरीच साहेब येऊन फोटो काढून गेले. चाला, दाखवतो तुमाले मशीन."

मागच्या पडवीत ताडपत्रीखाली मशीन होती. तिच्यावर टोपली, टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मोटर पहिल्याच महिन्यात जळाली होती. इथली लाइट कमी दाबाची, मोटरला पुरत नव्हती. बाया पुन्हा पहिल्यासारख्या मांडीवर धागा वळू लागल्या. तो धागा मऊ असतो, पण कुठे जाड कुठे बारीक, आणि ताण्यात तुटतो.

"मंग बाई तुमच्यापासून काहीच नेत नव्हती?" तेजरामने विचारलं.

"नेत नव्हती कशी? बाणा नेत होती, पहिल्यापेक्षा दुप्पट. मी म्हटलं, एवढा कुठी घालतं वो? तं म्हणे, माह्या मालकाचा हात जड हाय, लय ठोकून विणते." बायजाबाई थोडी हसली. "ताणा बंद झाला तवा बाया घाबरल्या होत्या. पण काम काही कमी झालं नाही जी आमचं."

तेजराम उन्हात उभा राहिला. त्याला एवढंच कळत होतं की आपण काहीतरी चुकीचं सांगून बसलो आहोत. कोणाला, किती आणि किती दिवस, हे त्याला मोजता येईना. त्याला आठवलं, दोन वर्षांपूर्वीच चंद्रभागा म्हणाली होती, बाणा दुहेरी घाला, गिऱ्हाइकाला आता भारी साडी लागते. त्याने घातला होता. साधनाताईंना जी साडी आवडली होती, ती त्यामुळे भारी होती.

नमुन्याला म्हणून त्याने बायजाबाईकडून ताण्याची एक लड मागून घेतली आणि एसटीत बसला. खिडकीशी बसून त्याने ती लड बोटांत धरून पाहिली. धागा हाताला लागत होता, डोळ्यांना नीट दिसत नव्हता. गाडी हलत होती म्हणून असेल, असं त्याने धरलं.

घरी आल्यावर तो सरळ कैलाशच्या मागाशी गेला आणि विचारलं, हा ताणा कुठला आहे. कैलाशने धोटा खाली ठेवला. तेजरामने ओट्यावरचं रीळ आणून त्याच्यासमोर धरलं. मग कैलाश म्हणाला, "काका, मले काकूनं सांगून ठेवलं होतं, मुकाट बस म्हणून."

"तुले मालूम होतं."

"मी विणतो न, काका. हाताले समजते."

"अन् मले नाही समजलं?"

कैलाशने मान खाली घातली. पण तेजराम हटेना, तेव्हा तो म्हणाला की काकूने रिळाच्या लडी करून त्या मशीनच्या म्हणून काकांना दिल्या होत्या, म्हणून समजलं नसेल. मशीनचा धागाही एकसारखाच असतो. हे उत्तर तेजरामला पटलं, आणि पटल्यावर आणखी वाईट वाटलं. बायकोने दोन वर्षं आपल्याला फसवलं, आणि ज्याला मजुरी देतो तो पोरगा रोज बाजूला बसून ते पाहत होता.

कैलाशचं पुढचं म्हणणं मात्र व्यवहाराचं होतं. तो म्हणाला, कार्डावर जे सांगितलं तेच राहू द्या. धागेवाल्याकडून ताणा घ्या. साडी तीच होईल, बाईंना तीच पाहिजे. कार्डाच्या आत घुसून कोण पाहते. आणि बायजाबाईचा ताणा घालाल तर अर्ध्या साड्या तशा होणार नाहीत, त्या परत येतील.

तेजराम जेवला नाही. त्याने लाखांदूरला अंजूला फोन लावला. अंजू त्याची एकुलती मुलगी. तिने आधी बाबा जेवले का ते विचारलं, मग ऐकून घेतलं.

तिला माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो ते आठवतं का, तिने विचारलं. तेजरामला आठवत होतं. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे, बारीक काम कमी करा, असं डॉक्टर म्हणाला होता. घरी येऊन तेजरामने सगळ्यांना सांगितलं होतं की मागावरून मला चार जणांनी उचलूनच न्यायचं. चंद्रभागाने त्यावर नुसता चहा ठेवला होता.

"बाबा, तुमी तेव्हा दिवसातून तीन-तीन घंटे तुटलेले धागे जोडत बसत होते," अंजू म्हणाली. "आई म्हणे, त्यायले दिसत नाही अन् ते कबूल करत नाही. धागाच असा पाहिजे का जो तुटणार नाही. देशातला तसा भेटला असता तं तोच घेतला असता तिनं. तिनं चार ठिकाणी फोन करून पाह्यलं होतं."

तेजरामने विचारलं, मग मला सांगितलं काहून नाही. अंजू म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही माग सोडला असता, नाहीतर धागा फेकला असता. यातलं काय केलं असतं, सांगा बरं.

मग अंजूही कैलाशसारखंच बोलली. साधनाताईंना काही सांगू नका. आईने एवढं जपलं, ते तुम्ही आता उघडं करणार का.

हे ऐकून तो आणखी गोंधळला. चंद्रभागाने जपलं होतं ते त्याला. त्या कार्डाला नव्हतं. पण कार्डावर खोटं लिहिलं तरच आता तो जपला जाणार होता. खरं लिहिलं तर ऑर्डर जाईल की राहील, सांगता येत नव्हतं. बायजाबाईचा ताणा घातला तर कार्ड खरं होईल, बायांना दुप्पट काम मिळेल, आणि त्याला मागावरून उठावं लागेल. तीस साड्या एकटा कैलाश माघापर्यंत विणू शकत नव्हता. आणि बायांना दुप्पट काम मिळेल हेही खरं नव्हतं. त्यांच्या तुटणाऱ्या ताण्यावर दुहेरी बाणा ठोकता येणार नाही, म्हणजे ताणा वाढेल तसा बाणा कमी होईल. ते सगळं चंद्रभागाने कधीच जुळवून ठेवलं होतं. त्याने डोक्यात कितीही उलटसुलट केलं तरी तो तिच्याच जागी येऊन थांबत होता, आणि तिथे ती नव्हती.

रविवारी कैलाशची सुटी. सकाळी चांगलं ऊन आत आलं तेव्हा तेजराम आपल्या मागावर बसला. त्याने चष्मा धोतराने पुसला. मग ताण्याचा एक धागा दोन बोटांत धरून मुद्दाम तोडला.

हे काम त्याने हजारदा केलं होतं. तुटलेलं टोक शोधायचं, तुकडा जोडायचा, वईच्या दोऱ्याच्या डोळ्यातून ओवायचं, फणीच्या नेमक्या घरातून काढायचं, ताणून बसवायचं. दहा-बारा वर्षांचा असताना बापाने शिकवलं होतं. त्याने टोक शोधायला सुरुवात केली. हजारो धागे समोर, सगळे कोशाच्याच रंगाचे, मधासारखे. टोक सापडलं असं वाटलं, ओढलं तर तो चांगला धागा होता, तोही तुटला. आता दोन झाले. त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. वई सापडली. फणीचं घर सापडेना. एक सापडलं, त्यातून ओवला, बसवला, आणि धोटा फेकून चार बोटं विणून पाहिलं.

कापडात एक उभी रेघ आली. धागा शेजारच्या घरात गेला होता. त्याला ती रेघ दिसलीही नाही. हात फिरवला तेव्हा कळली.

तेवढ्यात कैलाश काल विसरलेला आपला डबा न्यायला आला. त्याने मागाकडे पाहिलं, काय झालं ते त्याला लगेच दिसलं. तो खाली बसला आणि पाच मिनिटांत दोन्ही धागे जागेवर बसवले. मग डबा घेऊन निघाला. दारात थांबून म्हणाला, "उद्या येतो, काका," जसं काही उद्या न येण्याचा प्रश्नच होता.

तेजराम मागावर तसाच बसून राहिला. आतापर्यंत त्याला चंद्रभागाचा राग येत होता. आता राग करायला काही सापडेना. तिने बारीक काम कमी केलं होतं, डॉक्टरने सांगितलं होतं तसं. फक्त त्याला न विचारता. लग्नापासून आजवर धाग्याबद्दल तिने त्याला कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यालाही तेच हवं होतं.

सोमवारी साधनाताईंचा फोन आला. तेजरामने आधी त्यांना सांगितलं की मागच्या आठवड्यात मी सांगितलं ते चूक होतं. तुमच्याजवळच्या साडीचा ताणा बाहेरच्या देशातला आहे. बाणा बायजाबाईचा आहे, आणि तो दुहेरी आहे, म्हणून ती भारी लागते. मग साधनाताईंनी शांतपणे विचारलं की त्यांना हे आधी का सांगितलं नाही. त्या रागावल्या नव्हत्या, पण आवाजातला मागचा गोडवा गेला होता. तेजराम म्हणाला, मले माहीत नव्हतं. विणणाऱ्यालाच माहीत नव्हतं, यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग आता ताणाही इथलाच घाला. तुमच्याकडे धागा काढणाऱ्या बाया आहेत, मग बाहेरचा कशाला? गिऱ्हाइकाला थोड्या गाठी चालतात, उलट आवडतात. मी सगळ्यांना इथलाच धागा म्हणून सांगून बसले आहे.

म्हणजे ऑर्डर राहणार होती. फक्त हो म्हणायचं होतं. तेजरामने कैलाशकडे पाहिलं. कैलाशने माग थांबवला होता.

"ताई, इथला ताणा तुटते," तेजराम म्हणाला. "तुटला का जोडा लागते. मले आता जोडता येत नाही. माहे डोळे गेले. म्हणून माह्या बायकोनं बाहेरचा आणला होता."

इतक्या स्पष्ट शब्दांत हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. सांगून झाल्यावर त्याला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. साधनाताईंनी आणखी कोण विणतं ते विचारलं, कैलाशचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, मला विचार करू द्या. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, तो कैलाशने वाचून दाखवला. तीस नाही, बारा साड्या. ताणा परदेशी, बाणा टोल्यावरचा, असंच कार्डावर लिहू, काही गिऱ्हाइकं घेतील, काही घेणार नाहीत. आणि कैलाशच्या हातच्या आणखी चार, दोन्ही धागे इथले, गाठींसकट. त्या विकल्या गेल्या तर पुढच्या वर्षीचं पाहू.

कैलाश हिशोब करत म्हणाला, काका, चौदा गेल्या. तेजराम म्हणाला, हो. आपण शहाणपणा केला की चौदा साड्या घालवल्या, हे त्याला कळत नव्हतं. चंद्रभागाने काय केलं असतं, हा विचार त्याने तीनदा करून पाहिला, आणि तिन्ही वेळा ती वेगळंच बोलली. एकदा म्हणाली, बरं केलं. एकदा म्हणाली, मी एवढं झाकलं अन् तुमी चारचौघांत सांगून आले. तिसऱ्यांदा तिने नुसता चहा ठेवला.

त्याने धागेवाल्याला फोन करून ताण्याची ऑर्डर दिली. नेहमीएवढाच पाठवू का, धागेवाल्याने विचारलं. तेजराम म्हणाला, नेहमीएवढा म्हणजे किती ते मले सांगा, मग मी सांगतो.

बुधवारी तो पुन्हा टोल्यावर गेला. बायजाबाईला त्याने सगळं सांगितलं. बारा साड्यांचा दुहेरी बाणा आणि चार साड्यांचा पूर्ण धागा, तीस साड्यांच्या मानाने काम कमी आहे, हेही सांगितलं. बायजाबाईने ऐकून घेतलं. ती म्हणाली, आठ जणींत वाटून घेऊ, पुढचं पुढे. मग तिने आतून दहा-बारा लडी आणून सुपात ठेवल्या आणि सूप त्याच्यापुढे सरकवलं.

"निवडा."

तेजरामला वाटलं होतं ती मोजून देईल. बायजाबाईने सांगितलं, तुमची बाई कधी न पाहता नेत नव्हती. एकेक लड घेऊन बसायची, निम्म्या परत करायची, भांडायची. बायांना तिच्यासाठी चांगला धागा वळायची सवय लागली होती. कोणी न पाहताच धागा नेऊ लागलं, तर वर्षभरात धागा बिघडेल.

तेजरामने एक लड उचलली. उजेडाकडे धरली, मग उजेड मागे घेऊन पाहिली. अंगठ्यातून ओढून पाहिली. कुठे जाड लागली, कुठे बारीक. ते चांगलं की वाईट, तेवढं त्याला ठरवता येईना. सात बाया ओट्यावर येऊन बसल्या होत्या आणि त्याच्या हाताकडे पाहत होत्या. यातली कोणाची लड कोणती, हेही त्याला माहीत नव्हतं. मान डोलवून सगळ्या पिशवीत टाकाव्या, असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

"मले नाही समजून राहिलं," तो म्हणाला. "बाई कशी पाहात होती, सांगा."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, ती ओठाला लावून पाहायची. दुसरी म्हणाली, नाही वो, ओठाला नाही, गालाला. तिसरीला आठवत होतं की ती आधी लड पिळायची आणि सोडून किती लवकर उलगडते ते बघायची. यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. बायजाबाईने तिघींना गप्प केलं आणि तेजरामला खाली बसायला सांगितलं.

तो मातीत मांडी घालून बसला. त्याने पहिली लड घेतली आणि गालाला लावली.